मदत हवी आहे: आजीच्या नऊवारीचा १९६०च्या स्टाईलचा फ्रॉक शिवायचाय, पॅटर्नचं माप आणि काठ दोन्हीत अडकली (नागपूर)

अर्धीशिंपीण

शिवणाऱ्या लोकांनो सल्ला पाहिजे, आणि जरा लवकर पाहिजे, कारण कापड पलंगावर पसरून ठेवलंय आणि आई रोज विचारून राहिली की हे कधी उचलणार.

मला ते जुने फ्रॉक फार आवडतात, १९६०च्या आसपासचे, कमरेत नीट बसलेले आणि खाली भरपूर घेर. नागपुरात असं काही तयार मिळत नाही, इन्स्टावर थ्रिफ्ट पेजेस (वापरलेले जुने कपडे विकणारी) आहेत पण तिथे 'व्हिंटेज' लिहून चार वर्षांपूर्वीचा पॉलिएस्टरचा माल खपवतात आणि एखादा खरंच जुना दिसला तर तो माझ्या मापाचा नसतोच, असला तर मी फोन उचलेपर्यंत 'सोल्ड'. म्हणून ठरवलं की आपणच शिवायचं. ब्लाउज, कुर्ते, परकर येतात मला, कॉलर आणि चेन म्हटलं की अजून धडधडते.

तर एका जुन्या वस्तू विकणाऱ्या बाईकडून ऑनलाईन सिम्प्लिसिटी या अमेरिकन कंपनीचा जुना कागदी पॅटर्न घेतला. पाकिटावर साल कुठेच नाही, किंमत ६५ सेंट, साईज १४, बस्ट ३४. आता घोळ असा की माझी छाती ३६, कंबर २९, आणि नेटवर एका तक्त्यात साईज १४ म्हणजे ३६ लिहिलंय. मग पाकिटावरचं खरं की तक्त्यातलं?

कापड म्हणजे आजीची नऊवारी, सुती, गडद हिरवी, दोन्हीकडे लाल काठ अडीच इंचाचा, पन्हा (रुंदी) ४६ इंच भरला. मला तो काठ फ्रॉकच्या खालच्या कडेला पाहिजेच, त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण पॅटर्नमधला घेर छत्रीसारखा गोल कापायचाय आणि मी कागद ठेवून पाहिला तर काठ एका ठिकाणीच येतो, बाकी तिरका पळतो. साडी काही ठिकाणी विरलेली पण आहे. मशीन आजीचीच, काळी उषा, पायाची, फक्त सरळ टीप. आणि जुनी बटणं, मेटलची चेन वगैरे नागपुरात कुठे मिळेल तेही सांगा. इतवारीत गेली होती पण तिथे सगळे 'मॅडम किती ग्रोस (बारा डझनाचा एक) पाहिजे' असंच विचारतात 😅

कटोरीकाकू

अगं पाकिटावरचं खरं, तक्ता विसर. तो तक्ता नंतरचा आहे. १९६७-६८च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅटर्न कंपन्यांनी मापं बदलली, त्याआधी १४ नंबर म्हणजे छाती ३४, कंबर २६, आणि बदलल्यावर तोच १४ नंबर छाती ३६ चा झाला. बदल झाला तेव्हाच्या पाकिटांवर 'न्यू सायझिंग' असं छापलेलं असायचं. तुझ्यावर नाही ना? मग तुझा त्याच्या आधीचा आहे, सालाचा अंदाजही त्यातच लागला. नंबराकडे बघायचंच नाही, इंचाकडे बघायचं. आपल्या रेडिमेड कुर्तीच्या एम-एलशी तर याचा काडीचा संबंध नाही.

म्हणजे छातीत दोन इंच वाढव आणि कमरेत तीन. पॅटर्नमध्ये पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा भाग असतो, अंगावर असे चार तुकडे होतात, तर प्रत्येकात छातीला अर्धा इंच आणि कमरेला पाऊण इंच. नुसतं बगलेकडून फुगवू नको, मुंढा (बाही जोडायचा गोल) बिघडतो. खांद्याच्या मध्यापासून कमरेपर्यंत उभी रेघ मार, कागद काप आणि फाकव. मूळ कागदाला मात्र कात्री लावायची नाही हं, तो टिश्यू असतो, हात लावला की फाटतो, आधी बटर पेपरवर उतरव. आणि माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) बघ, त्यांच्या पॅटर्नमध्ये पाच अष्टमांश इंच माया धरलेलीच असते, आपण सवयीने वरून परत एक इंच सोडतो आणि मग म्हणतो ढगळ झालं.

अजून एक, त्या काळातल्या टक्सची (छातीला आकार द्यायला घातलेल्या टोकदार चुण्यांची) टोकं जरा वर येतात, तेव्हाच्या आतल्या कपड्यांमुळे. टोक कुठे येतंय ते अंगावर लावून बघ आणि खाली घे. आधी मांजरपाटावर (स्वस्त कोरं सुती कापड) चोळीचा भाग कच्चा शिवून बघ. मांजरपाट कोणत्याही कापडवाल्याकडे मिळतो, आजीची साडी एकच आहे.

धंतोलीकर

मी शिवत नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. नऊवारी कापण्याआधी काठाचा एक फोटो टाका ना. करवतीचे दाते असतात तसा काठ असेल तर ती करवतकाठी असू शकते. नागपूर-भंडाऱ्याकडे विणतात, तीन धोटे वापरून काठ आणि अंग एकमेकांत गुंतवत जातात, खूप वेळ खाणारं काम आहे. जीआय टॅग (त्या भागाचीच खासियत म्हणून सरकारी नोंद) पण आहे तिला. तशी असेल तर कृपा करून कात्री लावू नका, तुमच्या घरातलं ते म्युझियम आहे.

अर्धीशिंपीण

@धंतोलीकर दादा, करवतकाठी नाही, ती तर टसरची असते ना, कोशाची. ही साधी सुती आहे, काठ सरळ पट्टीचा. आजीकडे एक कोशाची होती, ती आत्याकडे गेली आणि आत्या ती कुणाला बघू पण देत नाही, कापायची गोष्टच सोडा. ही रोज नेसायची होती. फोटो टाकते रात्री.

@कटोरीकाकू थँक्यू थँक्यू, पाकिटावर 'न्यू सायझिंग' नाही. आणि माया आधीच धरलेली असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

मांजरपाट

(वर माझंच नाव घेतल्यासारखं वाटलं 😄)

काठाचं सांगते. काठ सरळ आहे आणि छत्रीच्या घेराची कड गोल, ते दोन्ही एकत्र येणारच नाही, कितीही कागद फिरवलास तरी. काठ पाहिजे तर घेर चुण्यांचा कर. पॅटर्नमधला फक्त वरचा भाग वापर आणि खालचं विसर, १९५०-६० मध्ये चुण्यांचा घेर पण तेवढाच चालायचा, त्यामुळे फॅशनच्या दृष्टीने काही खोटं होत नाही.

हिशोब बघ. साडी आडवी धरायची म्हणजे काठ खाली जमिनीकडे. घेराची उंची २६ पाहिजे असेल तर वर मायेला पाऊण इंच धरून पावणेसत्तावीसला काप, खाली दुमडायचं नाही कारण काठाची किनार तयारच आहे. ४६ मधून ते गेलं की वर सव्वाएकोणीस इंचाची पट्टी उरते, त्यात दुसरा काठ धरलेला. वरच्या भागाची खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची त्यात बसून जाईल, पण काठ सोडून बसवायला गेलीस तर कमी पडेल, म्हणून दुसरा काठ कमरेवर पट्ट्यासारखा येऊ दे किंवा बाहीला ने. मी असती तर कमरेवर घेतला असता, बाहीला लावला की ब्लाउजच वाटतो.

घेराची रुंदी कमरेच्या अडीच-तीनपट धर, तुझी २९ म्हणजे ८५ इंच बस झालं. नऊ वार म्हणजे ३२४ इंच! त्यामुळे विरलेला भाग सोडून द्यायला भरपूर जागा आहे, कंजूषी करू नको. नऊवारी मागे बसायच्या जागी आणि काष्ट्याला आधी विरते, पायाशी काठ घासतो, तर ते तुकडे बाजूला काढ. खिडकीसमोर धरून उजेड बघ आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून उभं-आडवं हलकं ताण, चर्र आवाज आला की तो भाग गेला समज. ताणा (साडीच्या लांबीचे धागे) आडवा आणि बाणा (रुंदीचे धागे) उभा येईल या पद्धतीत, सुतीला चालतं, फक्त चुण्या किंचित फुगून उभ्या राहतात, तुला तर तेच पाहिजे.

वरच्या भागाला आतून मलमल लाव, अस्तरासारखं सुटं नाही तर दोन्ही कापडं एकावर एक धावदोऱ्याने जोडून एकच कापड समजून शिव, म्हणजे शिलाईचा ताण मलमल घेते. मलमल आधी रात्रभर भिजवून वाळव, नवी आहे ती आटेल, साडीचं आटणं कधीच होऊन गेलंय. आणि लाल काठावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का बघ, गेला तर पहिल्याच धुण्यात मलमल गुलाबी.

गांधीबागचा_पोट्टा

ताई, इतवारी-गांधीबाग होलसेलवाल्यांचं आहे, तिथे एक चेन मागितली तर ते तोंडाकडेच बघणार न. मेट्रोने येत असाल तर ॲक्वा लाईनला अग्रसेन चौक नाहीतर चितार ओळीला उतरा आणि मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये शिंप्यांना सामान देणारी छोटी दुकानं विचारत जा, ते सुटं देतात. सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ नका, बोहणीच्या वेळी दोन बटणं मागितली की चिडतात. साधं मॅचिंग, अस्तर, मलमल पाहिजे तर बर्डीवर (सीताबर्डीला) मॅचिंग सेंटरवाले आहेतच.

जुन्या बटणांसाठी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या टेलरला विचारा. प्रत्येकाकडे एक डबा असतो, वर्षानुवर्षं उरलेली बटणं त्यात टाकलेली. आमच्या बाबांकडे पण आहे, ते देणार नाहीत पण दाखवतील 😂 शिंपल्याचं बटण ओळखायचं तर ओठाला लावा, थंडगार लागते, प्लास्टिक लागत नाही.

आणि जुने कपडे पाहिजेत तर बोहारणीला धरा. जुन्या साड्या, पँट घेऊन भांडे देते तीच. ती गठ्ठा पुढे विकते, त्याच्या आधी तिला सांगून ठेवलं की सुती जुनं, टेरिकॉटचे जुने शर्ट, असं काही आलं तर दाखव, तर ती दाखवते, आम्ही घेतलेत. फक्त जरीच्या साड्यांचं जपून, खरी जर असली तर जाळून चांदी काढणारे लोक आधीच घेऊन जातात, आणि घरी 'जुनी जरीची साडी आहे का' विचारत येणाऱ्याला वजनावर देऊन बसू नका.

अर्धीशिंपीण

बापरे, बोहारीण माझ्या डोक्यातच नव्हती आली, ती तर दर पंधरवड्याला आमच्या गल्लीत ओरडत जाते आणि आम्ही दार लावून घेतो.

मांजरपाट ताई, चुण्यांचा घेर फायनल. कमरेवर काठ ही आयडिया लयच आवडली पण मी जरा बुटकी आहे, मध्येच लाल पट्टा आल्यावर अजून बुटकी दिसेन का? आणि मेटलची चेन या कापडाला झेपेल का ते पण सांगा, मला त्या काळासारखं सगळं पाहिजे होतं.

कटोरीकाकू

अडीच इंचाचा पूर्ण पट्टा नको मग. काठाचा अर्धा भाग मायेत आत घे, सव्वा इंच बाहेर दिसू दे, पाइपिंगपेक्षा थोडं जास्त एवढंच. मांजरपाटावर कच्चं शिवशील तेव्हा तिथे लाल रिबीन टाचून आरशात बघ, आमच्या सांगण्यावर जाऊ नको.

मेटलची चेन विरलेल्या कापडाला जड होते, ओढताना दाते कापड धरतात. नायलॉनची साधी घे, पाठीत लाव, चेनच्या पट्टीत आतून फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाची) अर्ध्या इंचाची पट्टी चिकटव. बाहेरून कुणाला दिसणार आहे? सुई ११ नंबरची घाल, नवी, त्या मशीनमध्ये आत्ता असलेली आजीच्या वेळची नको. टीप जरा लांब ठेव, इंचाला दहाच्या आसपास, बारीक टीप घातलीस तर जुन्या कापडाला कूपनासारखी भोकं पडून तिथूनच फाटतं. घेराच्या उभ्या शिलाया बंद शिलाई (कापडाच्या कडा आत लपतात ती) कर, म्हणजे कडा सुटू नयेत म्हणून इंटरलॉकवाल्याकडे जायला नको, ते लोक त्या चाकूने मायाच कापून टाकतात.

सदरची_खरेदीवाली

थ्रिफ्ट पेजबद्दल माझी दोन पैशांची भर. विकणारीला बाहेरचे फोटो नको, आतले माग. आतली शिलाई, चेन, लेबल. अमेरिकेत कपड्यावर धुण्याच्या सूचनेचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे कुणी 'सिक्स्टीज, मेड इन यूएसए' म्हणत असेल आणि आत गुळगुळीत छापलेलं 'मशीन वॉश कोल्ड' दिसलं तर शंका घ्यायची. कापड कॉटन म्हणून सांगितलं आणि हातात आल्यावर संशय आला तर मायेतला एक धागा काढून जाळ, सुती कागदासारखं जळून राख होते, सिल्कला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. गॅसजवळ नको करू, वाटीत पाणी घेऊन कर. आणि साईजचं लेबल वाचूच नको, काखेपासून काखेपर्यंत सपाट ठेवून इंच माग, त्याची दुप्पट कर.

धंतोलीकर

फोटो पाहिला. करवतकाठी नाही, सुटलो. एक विचारू का, उरलेल्या साडीचं काय करणार? दोनशेच्या वर इंच उरतील म्हणता. आमच्या आजोबांनी एम्प्रेस मिलमध्ये काम केलं, १८७७ची मिल, आता तिथे मॉल आहे, तर आमच्या घरी मिलच्या कापडाचा चिंधीएवढा तुकडा पण कुणी टाकत नसे.

अर्धीशिंपीण

दादा, विरलेल्या भागाची गोधडी होईल, आईने आत्ताच बुक केलीय. चांगल्या भागातून तुमच्यासाठी एक बुशशर्ट निघेल, पण बटणं तुम्ही आणायची, गांधीबागच्या त्या डब्यातली.

मी रविवारी मांजरपाट कापते. टक्सची टोकं किती खाली घेऊ ते तेव्हा विचारेन, काकू ऑनलाईन राहा प्लीज.