पहिलं हेलिकॉप्टर: सहा चॅनलची घाई नको
भावा, पहिलंच रिमोटचं हेलिकॉप्टर एकदम सहा चॅनलचं (चॅनल म्हणजे रिमोटवरून वेगळं चालवता येणारं एकेक नियंत्रण) घेऊन कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर उडवू का, असं विचारलंयस. मनापासून सांगतो, नको. आधी ४ चॅनलचं कोअ‍ॅक्सियल घे. त्यात एकावर एक दोन पंखे उलट दिशांना फिरतात, म्हणून हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत नाही आणि हवेत बऱ्यापैकी स्थिर राहतं. वारं मात्र त्याला सोसत नाही. रंकाळ्याचा काठ तर नकोच, पाण्यात गेलं की संपलं. घरातल्या मोठ्या खोलीत शिक. खरी कसोटी नाक आपल्याकडं वळल्यावर लागते, डावं-उजवं उलटं होतं. तिथं आठवडे जातात, जाऊ देत! हेलिकॉप्टरची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी प्रति सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नकोस. आणि सुटे पंखे मिळतात का, ते घेण्याआधीच बघ.