विश्वामित्रीकाठच्या मळक्या प्लास्टिकचे पुढे काय करावे? मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार.

आम्ही बडोद्यातील काही महाविद्यालयीन विद्यार्थी, बहुतेक दांडिया बाजार आणि रावपुरा भागातले, पावसाळा सरल्यावर विश्वामित्रीच्या काठावरील प्लास्टिक गोळा करणार आहोत. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर ज्यांनी हा काठ पाहिला असेल, त्यांना वेड्या बाभळींच्या काट्यांत डोक्याच्याही वर अडकलेल्या पिशव्या आठवत असतील. त्या ओढल्या की फाटतात आणि चिंध्या पुन्हा नदीत जातात, म्हणून छाटणीच्या कात्रीने काटेरी डहाळीसकट कापून घेण्याचे ठरवले आहे.

माणसे जमतील, हातमोजे आणि पोतीही मिळतील. खरी अडचण त्यानंतरची आहे. पाण्याच्या बाटल्या भंगारवाले घेतात, दुधाच्या पिशव्याही धुऊन दिल्यास घेतात; पण वेफर्स आणि गुटख्याच्या पुड्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्यांत प्लास्टिकचे निरनिराळे थर, कित्येकदा धातूच्या मुलाम्यासह, एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सोडवणे परवडत नाही. शिवाय चिखलाने भरलेल्या पातळ पिशव्या. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे, तरी काठाच्या मातीत रुतलेल्या जुन्या पिशव्या निघतच राहतात. हे सारे पोत्यांत कोंबून कचरागाडीत टाकायला मन धजत नाही, आणि जाळायचे तर मुळीच नाही. सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून असे प्लास्टिक चालते, परंतु तिथे माल कोरडा आणि निवडलेला लागतो.

तेव्हा फारसे पाणी न वापरता हा चिखल काढून माल वाळवण्याची, विद्यार्थ्यांना जमेल अशी रीत कोणी सांगेल का? तसेच थोडीच पोती असली तरी स्वीकारणारे कोणी बडोद्यात किंवा आसपास आहे का?

दुसरा प्रश्न मगरींचा. थंडीत त्या उन्हाला काठावर येतात आणि साधारण फेब्रुवारीपासून मादी काठाच्या मातीत अंडी घालते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण आहे, आणि काठावर आधी हक्क त्यांचाच आहे असे आम्ही मानतो. वनविभागाला विचारल्याशिवाय कोणीही खाली उतरणार नाही. तरीही अशा काठावर काम केलेल्यांनी पाण्यापासून किती अंतर राखले, कोणता महिना निवडला आणि मुलांच्या तुकड्यांवर देखरेख कशी ठेवली, हे सविस्तर लिहावे, म्हणजे परवानगीच्या अर्जात आम्हाला ते नीट मांडता येईल.