बाहुल्यांचा प्रयोग कुणाचा?
वर्णभेदाचा काळ्या मुलांच्या मनावर होणारा परिणाम दाखवणारा बाहुल्यांचा प्रयोग अनेकदा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांच्याच नावावर जमा होतो, म्हणून लिहितेय. मूळ काम त्यांच्या पत्नीचं, मेमी फिप्स क्लार्क यांचं. हॉवर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधातून निघालेलं. बाहुल्या हुबेहूब सारख्या, फरक फक्त रंगाचा. 'छान बाहुली दे' म्हटलं की बरीच काळी मुलं गोरी बाहुली उचलत. 'तुझ्यासारखी कुठली?' यावर काही जण चक्क रडत उठून जात. अमेरिकेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या खटल्यात हे संशोधन कामी आलं.

आणि भेदभावावर 'शिष्यवृत्त्या वाढवा की झालं' म्हणणाऱ्यांना: शिष्यवृत्ती मेमींनाही होती हो! १९४३मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, पण काळ्या बाईला साजेशी नोकरी काही मिळेना. शेवटी १९४६मध्ये मेमींच्या वडिलांकडून पैसे घेऊन दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका तळघरात मुलांसाठी केंद्र काढलं. १९७९पर्यंत बाई तेच चालवत होत्या.