अनुभव धागा: पाण्यातलं बाळंतपण, कोकणात कुणी केलंय?

वहिनीला सातवा लागलाय. मोबाइलवर टबातली बाळंतपणं बघून तिनं तसाच हट्ट धरलाय. आजी म्हणते, "बाळ आहे की कोळंबी?" ज्यांनी स्वतः केलंय किंवा करायचं राहिलंय, त्यांनीच लिहा. ऐकीव नको.

वेंगुर्ल्याहून
माझं गोव्यात झालं, प्रशिक्षित सुईणीकडे. पाणी 37 अंशांच्या आसपास. ती सारखी थर्मामीटर बुडवून बघायची. छातीपर्यंत पाण्यात बसल्यावर अंगाचं ओझंच गेलं. दोन कळांच्या मध्ये चक्क डुलकी लागत होती! तोंडाला हवा लागेपर्यंत बाळ श्वास घेत नाही म्हणाली, पण ते ठणठणीत असेल तरच. गुदमरलेलं बाळ पाण्यातच श्वास ओढू शकतं. म्हणून दर थोड्या वेळानं ठोके ऐकायची. बाळाला वर घेताना मी घाई केली तर ओरडली, हिसका बसला तर नाळ तुटते. वार पडायला मात्र मला बाहेर काढलं, कारण पाण्यात रक्त किती गेलं ते कळत नाही. टाकेही बाहेरच. तारखेआधी तीन आठवडे तिथे खोली घेऊन राहिलो होतो. कळा सुरू झाल्यावर रात्री वेंगुर्ल्याहून निघणं मला नको होतं.

चिपळूणहून
माझं सगळं ठरलं होतं. छत्तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं आणि टब बाद. जुळं, पायाळू, दिवस भरायच्या आधीच्या कळा, यातही नाही म्हणतात. शेवटी सिझेरियन झालं. त्या टबाच्या नादात मी सिझेरियनबद्दल एक अक्षर वाचलं नव्हतं, त्याचाच राग येतो.

रत्नागिरी, निवृत्त परिचारिका
कळा पाण्यात काढणं वेगळं आणि बाळ पाण्यात जन्माला येणं वेगळं. कोक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या 2018 च्या आढाव्यात 15 चाचण्या आणि 3663 बायका होत्या. कळांच्या वेळी पाण्यात बसलेल्यांना पाठीतलं भुलीचं इंजेक्शन थोडं कमी लागलं. प्रत्यक्ष जन्म पाण्यात झाल्याचा फायदा ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यात नाही. आणि ते इंजेक्शन हवंच असेल तर टबातून बाहेर यावं लागतं. घरी विहिरीच्या पाण्यानं टब भरायचा विचार करणाऱ्यांनो, पावसाळ्यात ते पाणी बघितलंय का? आदल्या दिवशी भरून कोमट ठेवलेल्या टबातही जंतू वाढतात.

देवगडसून
माज्या दुसऱ्या येळेक कळा सुरू झाले तसा सासूबायन भाणातला ऊन पाणी कमरेर वतला, तासभर. बरा वाटला, खोटा कित्याक सांगू? मगे रिक्षा करून दवाखान्यात. टबबिब काय नाय.

धागाकर्ती
वहिनीला सगळं वाचून दाखवलं. आधी डॉक्टरांना बीपीचं विचारणार आहे. वेंगुर्लेकर ताई, तीन आठवड्यांच्या खोलीचं भाडं किती पडलं? दादा विचारतोय.