अमिगा १२०० (जुना घरगुती संगणक): १६ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड, दोन पार्टिशन, मोठ्या फायली खराब

जुनी_फ्लॉपी:
किकस्टार्ट (अमिगाचं रॉममधलं मूळ सॉफ्टवेअर) ३.१, आतल्या ४४ पिनी आयडीईवर (डिस्क जोडायची जागा) हार्डडिस्कऐवजी सीएफ कार्ड. पहिलं पार्टिशन डीएच० ५०० एमबी, बाकी सगळं डीएच१, दोन्ही एफएफएस (अमिगाची नेहमीची फाइलसिस्टम). बूट व्यवस्थित होतं, छोट्या फायली ठीक. पण मोठं एलएचए (दाबून बांधलेली फाइल) उघडताना सीआरसी (मजकूर शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) चुकतो. डीएच१ बरंच भरल्यावर तर डीएच०च दिसेनासं झालं. कार्ड गेलं का?

सेक्टर_शून्य:
कार्डाला दोष देऊ नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

सीआरसीचं मूळ मॅक्सट्रान्सफरमध्ये, म्हणजे एका वेळी किती बाइट हलवायचे त्या मर्यादेत. एचडीटूलबॉक्समध्ये (अमिगाचं डिस्क मांडायचं साधन) प्रत्येक पार्टिशनला ती ०एक्स१एफई०० करा, म्हणजे १३०५६० बाइट, ५१२ बाइटचे बरोबर २५५ सेक्टर. आयडीईत २५६ सेक्टरची मागणी '०' अशी लिहिली जाते आणि काही कार्डं तिथेच गडबडतात. छोट्या फायलींना एका वेळी एवढे सेक्टर लागत नाहीत, म्हणून त्या शाबूत राहिल्या.

डीएच० गेलं ते ४ जीबीच्या हद्दीमुळे. ३.१चा स्कझी.डिव्हाइस (डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर) ३२ बिटी बाइट-पत्ता वापरतो. हद्द ओलांडली की पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जातो, आणि डीएच१साठीचा मजकूर कार्डाच्या सुरुवातीला, थेट पार्टिशन टेबलावर (कुठलं पार्टिशन कुठे, याची नोंद) जाऊन बसतो.

पीएफएस_पंथी:
नव्याने करताना ४ जीबीचंच कार्ड घ्या, ते पूर्ण हद्दीत बसतं. पीसीवर विंडोजच्या डिस्कपार्ट साधनात आधी 'लिस्ट डिस्क', क्रमांक दोनदा तपासा, कार्ड निवडा, मग 'क्लीन'. इथे चुकलात तर पीसीची डिस्क कोरी! विनयूएई (पीसीवर अमिगाची नक्कल करणारा प्रोग्राम) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, कार्ड ए१२०० आयडीई म्हणून जोडा. एचडीटूलबॉक्समध्ये ड्राइव्हचा प्रकार वाचून घ्या, एफएफएसऐवजी पीएफएस३एआयओ फाइलसिस्टम जोडा, डॉसटाइप (फाइलसिस्टमची ओळखखूण) ०एक्स५०४६५३०३. मग पार्टिशन, मॅक्सट्रान्सफर, 'सेव्ह चेंजेस', रीबूट. फॉरमॅट फक्त 'क्विक'. पूर्ण फॉरमॅट म्हणजे नुसती वाट पाहणं.

जुनी_फ्लॉपी:
१६ जीबीचंच वापरलं तर? आणि मॅक्सट्रान्सफर बदलल्यावर फॉरमॅट लागतं?

सेक्टर_शून्य:
पहिल्या ४ जीबीतच पार्टिशन पाडा, उरलेली जागा मोकळी सोडा. ३.१.४ किंवा ३.२चे रॉम बसवलेत तर ती हद्द उरत नाही. नुसती मॅक्सट्रान्सफर बदलली तर फॉरमॅट नको, पण पार्टिशनच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सिलिंडरला (म्हणजे त्याच्या हद्दींना) हात लावू नका. आधी बिघडलेल्या फायली मात्र सुधारणार नाहीत, त्या मूळ प्रतीवरून पुन्हा टाका. तुमच्या बाबतीत टेबलच पुसलंय, त्यामुळे सगळं नव्यानेच.