लक्षद्वीपची ओडम: खिळ्यांशिवाय होडी टिकायची कशी?

चिवला_किनारा:
आजोबा फतेमारीवर खलाशी होते. मंगळूरला कौलं भरायची आणि मालवण-वेंगुर्ल्याला आणून उतरवायची, हा धंदा. मंगळूरच्या बंदरात लक्षद्वीपची शिडाची ओडम शेजारी लागायची, तिच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असायच्या, असं ते सांगत. खिळ्यांशिवाय ती होडी भर समुद्रात टिकायची कशी? आणि होकायंत्र नसताना ती इवली बेटं सापडायची कशी? आमच्या लोकांना परतताना उजव्या हाताला किनारा तरी असायचा.

प्रवाळ:
लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर नोकरीत होतो तेव्हा म्हाताऱ्या खलाशांशी याच विषयावर तासन् तास बोललोय, म्हणून सविस्तर लिहितो.

बेटावर नारळ अमाप, पण लोखंड नाही आणि होडीजोगं मोठं लाकूडही नाही. लाकूड मलबारातून यायचं, काथ्या घरचा. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून, सांध्यावर नारळाचं सोडण दाबून काथ्याने घट्ट आवळायचं. अशा होडीला थोडी लवचीकता असते. प्रत्येक बेटाभोवती प्रवाळाचा कडा आहे, आत शिरायची वाट अरुंद. तळ घासला तर खिळे मारलेली फळी फुटते, शिवलेली जरा वाकते आणि धक्का पचवते. शिवण मात्र कुजते, ती उसवून पुन्हा घालावी लागे. खारं पाणी लोखंडही खातंच, पण काथ्या बदलायला लोहार लागत नाही.

आता दिशा. ही बेटं पाण्यापासून जेमतेम काही मीटर वर. माड दिसायचे तेही दहा-बारा समुद्री मैलांच्या आत आल्यावर. म्हणून रात्री ध्रुवतारा मोजायचा. एका म्हाताऱ्याने मला ते करून दाखवलं: लाकडाची छोटी फळी, मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. आपल्या बेटाची गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची. वरच्या कडेला ध्रुव टेकला की आपण बेटाच्या अक्षांशावर आलो. मग ती उंची न सोडता सरळ पश्चिमेला. कवरत्तीला ध्रुव क्षितिजापासून साधारण साडेदहा अंशांवर दिसतो, अमिनीला अकरावर. एवढ्याशा फरकावर माणसं घरी पोचायची! या फळीला तिथे रापलगै म्हणतात. आपल्या मुंबई विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी या विद्येचा अभ्यास केला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

उरण_खाडी:
छान लिहिलंत. पण माल काय असायचा, आणि होडी कुणाच्या मालकीची?

प्रवाळ:
जाताना काथ्या, खोबरं, नारळाचा गूळ, सुकवलेला टूना. येताना मुख्यतः तांदूळ. बेटावर भात पिकत नाही, त्यामुळे सगळं त्या तांदळावर. काथ्या बायकांच्या हातचा: सोडणं किनाऱ्यालगत खड्ड्यांत महिनोन् महिने भिजवायची, मग कुटून वळायचं. अमिनी, कडमत, किल्तान, चेतलत ही बेटं 1787 मध्ये टिपू सुलतानाकडे गेली, 1799 नंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे. काथ्याची मक्तेदारी सरकारची: सरकार ठरवेल त्या भावाने काथ्या द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. ज्या हातांनी दोरी वळली त्यांना भाव ठरवता येत नव्हता, याचा मला आजही राग येतो.

मालकी बहुतेक कोया घराण्यांची, माडही त्यांचेच. होडी हाकणारे मालमी, माडावर चढणारे मेलाचेरी. बेटाबेटांतही जा-ये होती. सुहेलीला वस्ती नव्हती, तिथले नारळ उतरवायला कवरत्ती-अगत्तीचे लोक होड्या घेऊन जात.

चिवला_किनारा:
पावसाळ्यात काय करायचे? आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात.

प्रवाळ:
तिथेही तेच, पण जास्त कडक. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र बंद, ओडम किनाऱ्यावर माडांच्या झापांखाली. तांदूळ त्याआधी पोचला पाहिजे, नाहीतर उपासमार. म्हणून शेवटची फेरी सगळ्यात जिवावरची.

आता शिडं गेली. मंगळूरच्या जुन्या बंदरातून इंजिनाच्या लाकडी मालवाहू होड्या, मंजी, अजून सिमेंट, भाजीपाला घेऊन बेटांना जातात. तिकडे गेलात तर धक्क्यावरच्या म्हाताऱ्या खलाशांना आजोबांची गोष्ट नक्की सांगा, आणि ते जे सांगतील ते इथे लिहा. बेटांवर जायचं असेल तर परवाना आधी काढावा लागतो.