लाइट-ओ-रामा सोडून एक्सलाइट्सकडे जावे का?

एडिसनकर :
आमच्या घरापुढे दिवाळीला लागलेले दिवे नाताळ उलटेपर्यंत उतरत नाहीत, आणि गेली सात वर्षे ते गाण्याच्या तालावर चालवण्याचे काम मी लाइट-ओ-रामा या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर करत आलो आहे. सोळा चॅनेलच्या (चॅनेल म्हणजे स्वतंत्रपणे चालू-बंद करता येणारी एक जोडणी) चार कंट्रोलर पेट्या, म्हणजे एकूण ६४ चॅनेल, एवढाच पसारा होता तोवर तक्रारीला जागा नव्हती; पडद्यावरची कुठली ओळ म्हणजे कुठले झुडूप, हे तोंडपाठ असे. या उन्हाळ्यात मात्र अंगणात पिक्सेलचे, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या दिव्यांचे, मोठे झाड उभे केले. १६ माळा, प्रत्येक माळेत ५० पिक्सेल, म्हणजे ८०० पिक्सेल. आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा व निळा असे तीन चॅनेल धरले की आकडा २,४०० वर जातो. एवढ्या ओळी एकेक करून रंगवणे मला शक्य वाटत नाही. एक्सलाइट्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घराचा फोटो खाली ठेवून त्यावर झाड, कमानी, खिडक्या जागच्या जागी बसवता येतात आणि गोल फिरत वर चढणारे पट्टे हवे असतील, तर तो इफेक्ट संपूर्ण झाडाला एकदाच देता येतो. कुठल्या पिक्सेलला कोणत्या क्षणी कोणता रंग द्यायचा, हा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः करते. ते फुकट आहे म्हणून जावे असे माझे म्हणणे नाही, कामाची रीत बरोबर आहे म्हणून जावे असे आहे. दिवाळीला तीन आणि थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला नोव्हेंबरअखेरचा सण) सात आठवडे उरले आहेत. बदल याच वर्षी करावा असा विचार आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

कोलंबसवासी :
विरोधी मत मागितलेच आहे म्हणून स्पष्ट लिहितो. ऑक्टोबरात सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे पंगती बसल्यावर आचारी बदलणे आहे. शिवाय तुलनाच न्याय्य नाही, कारण आपण लाइट-ओ-रामाची जुनी आवृत्ती आणि आजचे एक्सलाइट्स शेजारी ठेवले आहेत. पाचव्या आवृत्तीपासून लाइट-ओ-रामातही घराचे चित्र, वस्तूनिहाय मांडणी आणि पिक्सेलसाठीचे फिरते इफेक्ट आले आहेत. त्या आवृत्तीकडे गेलात तर जुन्या फायली उघडतील, पेट्या त्याच राहतील आणि सात वर्षांचा हात वाया जाणार नाही. लायसन्सचे पैसे लागतील हे खरे, परंतु नवे सॉफ्टवेअर शिकण्यात जाणाऱ्या चाळीस संध्याकाळी कोणत्या भावाने धरायच्या? आमच्याच ओहायोतील मेसन गावी कार्सन विल्यम्स यांनी २००४ साली सुमारे १६,००० दिवे अवघ्या ८८ चॅनेलवर नाचवले, आणि त्याची चित्रफीत पुढच्या वर्षी जगभर पाहिली गेली. रस्त्यावर गाडी थांबवून बघणाऱ्याला ताल दिसतो, सॉफ्टवेअर दिसत नाही.

विजेरी, डॅलस :
कोलंबसवासींचा ऑक्टोबरबद्दलचा मुद्दा मान्य, बाकीचा नाही. हाच बदल मी तीन वर्षांपूर्वी केला आणि सात वर्षांचे काम वाया जाते ही समजूत चुकीची आहे, हे अनुभवाने सांगतो. एक्सलाइट्स लाइट-ओ-रामाची फाईल आयात करते. एक खिडकी उघडते, तिच्यात आपल्या नव्या मांडणीतली मॉडेल (झाड, कमानी वगैरे वस्तू) आणि जुन्या फायलीतले चॅनेल समोरासमोर येतात आणि ते एकमेकांशी जुळवत जायचे असते. माझी पहिली फाईल जुळवायला दोन रात्री गेल्या, पण ती जोडणी जतन करून ठेवली असल्यामुळे दुसऱ्या गाण्याला पंधरा मिनिटे पुरली. जुन्या पेट्याही फेकाव्या लागत नाहीत, पेट्या संगणकाला जोडणाऱ्या त्याच आरएस-४८५ यूएसबी अडॅप्टरवरून एक्सलाइट्स त्यांना चालवते. फक्त संगणकाचा तो पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम धरून ठेवू शकतो, म्हणून लाइट-ओ-रामाचे कंट्रोल पॅनेल आधी बंद करावे. हे न कळल्यामुळे मी अर्धा तास केबलवर संशय घेत बसलो होतो.

आता झाडाकडे येतो. डब्ल्यूएस २८११ जातीच्या पिक्सेलला एका वेळी २४ बिट लागतात आणि ते पाठवायला ३० मायक्रोसेकंद जातात, म्हणजे ८०० पिक्सेल कंट्रोलरच्या एकाच पोर्टवर ओवले तर झाडाच्या एका चित्राला (फ्रेमला) २४ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ४० चित्रे ठेवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ मिलिसेकंद येतात. इतके काठावर राहू नये. माळा चार पोर्टांवर वाटाव्यात.

आणि एक गोष्ट मराठी माणसासाठी. दिव्यांचा गाणारा चेहरा करायचा असेल तर एक्सलाइट्स शब्दांचे तुकडे पाडून ओठांचे आकार आपोआप बसवते, परंतु त्याचा शब्दकोश इंग्रजी आहे. दिवाळीचे मराठी गाणे घेतले तेव्हा जवळजवळ प्रत्येक शब्द मला हाताने फोडावा लागला. मिटलेल्या ओठांच्या आकाराला तिथे ‘एमबीपी’ म्हणतात, आणि ‘प, ब, भ, म’ बिनबोभाट त्यात बसतात. ‘फ’चा उच्चार बहुतेक गायक ओठाला दात लावून करतात, म्हणून तो ‘एफव्ही’त टाकावा लागला. शाळेत घोकलेला ओष्ठ्य वर्ग असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

कोलंबसवासी :
पोर्टांचा हिशेब पटला. आयातीबद्दल मात्र अर्धेच सांगितले गेले. जुन्या फायलीतून चालू-बंद, मंद होत जाणे, लुकलुकणे हे येते, पण ते ६४ चॅनेलसाठी रचलेले असते. ते ८०० पिक्सेलच्या झाडावर जसेच्या तसे ओतले तर अख्खे झाड एका दिव्यासारखे उघडमीट करते. म्हणजे झाडासाठी नव्याने रचना करावीच लागणार, मग ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करा. मग ओळखीच्या ठिकाणी का करू नये, या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

विजेरी, डॅलस :
उत्तर असे की नव्याने करायचेच आहे, तर पुढची दहा वर्षे जिथे काम करायचे तिथेच ते करावे. झाडाचे काम आज एका सॉफ्टवेअरमध्ये करून दोन वर्षांनी पुन्हा हलवणे मला दुप्पट कष्टाचे वाटते.

मांडववाला, पुणे :
आमच्याकडे गणपतीच्या मांडवावर पिक्सेलचे पॅनेल सर्रास लागतात, पण कारभार निराळा. एलईडी एडिट या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न तयार करायचा, तो एसडी कार्डावर घ्यायचा आणि टी-१००० एस कंट्रोलरमध्ये घालायचा. तो एका तारेवर २,०४८ पिक्सेलपर्यंत चालतो. विजेरींच्या हिशेबाने पाहिले तर इतके लावल्यावर सेकंदाला सोळाच चित्रे निघतात, आणि ती तेवढीच निघतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. गाण्याशी मेळ घालण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मांडवाचा ढोल ऐनवेळी कुठला ताल धरेल हे कोणालाच माहीत नसते. तुमच्या वादात मी कोणाच्याच बाजूचा नाही, वाचायला मात्र मजा येते आहे.

एडिसनकर :
सर्वांचे म्हणणे लक्षात घेऊन मधला मार्ग धरला आहे. दिवाळी जुन्याच आवृत्तीवर, जुन्याच ६४ चॅनेलवर होईल. झाड तोवर वेगळ्या कंट्रोलरवर, एक्सलाइट्समधून निघालेली एकच फाईल रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या फाल्कन प्लेयर या प्रोग्रामने वाजवत, गाण्याशिवाय उभे राहील. नाताळच्या गाण्यांपैकी दोन एक्सलाइट्सकडे हलवीन, उरलेली पुढच्या उन्हाळ्यात. कोलंबसवासींना हे पळवाट वाटेल, आणि थोडी आहेही. काल रात्री माळा चार पोर्टांवर वाटून झाडावर पहिली पणती उमटवली. ज्योत हिरवीगार आली. रंगांचा क्रम आरजीबी (लाल-हिरवा-निळा) ऐवजी जीआरबी (हिरवा-लाल-निळा) करायचा आहे हे कळेपर्यंत शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन विचारून गेले की तुमच्या सणात हिरव्या आगीचे काय महत्त्व असते.